पान जागेवर, लाट पुढे

“सर, लाट समोर जाते, तं पाणी काहून समोर जात नाही?”

आरमोरीकडच्या एका बारावीतल्या मुलीने मला हे विचारले, तेव्हा तिच्या वहीत तरंगांवरची सहा गणिते होती आणि पहिल्याच गणितावर अर्धा तास गेला होता. सूत्रे तोंडपाठ होती, आकडेही नीट घातले होते. उत्तर मात्र पुस्तकाशी जुळत नव्हते. गणितात लाटेचा वेग विचारला होता आणि तिने काढला होता पाण्याच्या कणाचा वेग. हे दोन वेग वेगळे असतात, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. तरी तिचा प्रश्न नेमका तिथेच पोचला होता.

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पाचवे प्रकरण दोलनांचे आणि सहावे तरंगांच्या अध्यारोपणाचे. या दोन प्रकरणांचा गृहपाठ घेऊन आलेली बहुतेक मुले मला याच ठिकाणी अडलेली दिसली. त्यात भाषेची अडचण वेगळी. मराठी शाळेतून आलेल्या मुलाचा दहावीपर्यंतचा ‘आयाम’ अकरावीत एकाएकी ‘ॲम्प्लिट्यूड’ होतो, ‘वारंवारिता’ची ‘फ्रिक्वेन्सी’ होते, आणि मुलाला वाटते की हे काहीतरी नवेच शिकायचे आहे. म्हणून इथे मराठी शब्द धरून चालू. गरज पडेल तिथे इंग्रजी शब्दही सोबत सांगेन. साधने शोधायला लांब जावे लागणार नाही. झोका, बोडी, बांबू आणि पावसाळ्यातली वीज चंद्रपूर-गडचिरोलीत कुणालाही मिळते.

१. झोक्याचे घड्याळ

लाट समजण्याआधी एकट्या वस्तूचे हलणे समजले पाहिजे. चिंचेच्या फांदीला चार मीटरच्या दोराचा झोका बांधला आहे असे समजा. झोका मधून निघाला, एका टोकाला गेला, परत मधून दुसऱ्या टोकाला गेला आणि पुन्हा मध्यावर आला, की एक दोलन पूर्ण झाले. त्याला लागलेला वेळ म्हणजे आवर्तकाल, इंग्रजीत पीरियड. एका सेकंदात किती दोलने झाली, ती वारंवारिता. मध्यापासून एका टोकापर्यंतचे अंतर म्हणजे आयाम. इथे पहिला सापळा आहे: गणितात कधीकधी या टोकापासून त्या टोकापर्यंतचे अंतर दिलेले असते. ते १० सेंटिमीटर असेल तर आयाम ५ सेंटिमीटर. हे निम्मे करायला विसरल्याने किती गुण जातात, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कुणालाही विचारा.

आता एक दगड एक मीटर दोरीला टांगून हलवा आणि मोबाईलच्या घड्याळावर दहा दोलने मोजा. जवळजवळ २० सेकंद लागतील. दोरी २५ सेंटिमीटर केली की १० सेकंद. लांबी चौथाई झाली, वेळ निम्मा झाला. पुस्तकातले सूत्र हेच सांगते: लांबीला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे ९.८ ने, भागा, वर्गमूळ काढा आणि त्याला पायच्या दुपटीने गुणा. यात एक सोय दडलेली आहे, ती मी प्रत्येक मुलाला वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावतो. पाय म्हणजे ३.१४, आणि ९.८ चे वर्गमूळ ३.१३. एकाने गुणायचे, दुसऱ्याने भागायचे, दोन्ही कटतात. उरते ते असे: आवर्तकाल म्हणजे लांबीच्या वर्गमुळाची दुप्पट, लांबी मीटरमध्ये. चार मीटरच्या झोक्याला ४ सेकंद. सव्वादोन मीटरच्या झोक्याला ३ सेकंद. गणिताचे उत्तर ०.४ किंवा ४० सेकंद आले, तर दशांशचिन्ह कुठे घसरले हे पाहायला कुणाकडे जायची गरज नाही.

यावर दोन प्रश्न हमखास येतात. झोका जास्त लांब नेला, म्हणजे आयाम वाढवला, तर वेळ जास्त का लागत नाही? अंतर वाढते हे खरेच. पण झोका मध्यापासून जितका दूर जातो, तितकी त्याला मागे ओढणारी ओढही वाढते. लांबचा रस्ता तो जास्त वेगाने कापतो आणि हिशेब बरोबरीत सुटतो. जिथे जिथे ओढ अंतराच्या प्रमाणात वाढते, त्या हालचालीला सरल आवर्त गती म्हणतात. झोका फार उंच नेला तर हे प्रमाण बिघडते आणि वेळ थोडा वाढतो. म्हणून पुस्तकात ‘लहान आयामासाठी’ असे लिहिलेले असते. ते शब्द वगळून वाचू नका.

दुसरा प्रश्न: जड दगड हळू का हलत नाही? कारण जड दगडाला हलवायला जितका जोर जास्त लागतो, तितक्याच प्रमाणात पृथ्वीही त्याला जास्त ओढते. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचे तसे नाही. स्प्रिंगची ओढ ती किती ताणली यावर ठरते, खाली काय टांगले आहे याची तिला खबर नसते. म्हणून वजन चौपट केले की स्प्रिंगवरचा आवर्तकाल दुप्पट होतो. झोका आणि स्प्रिंग यांची सूत्रे शेजारी शेजारी लिहून पाठ करणारी मुले हीच अदलाबदल करतात. कारण कळले तर अदलाबदल होत नाही.

२. आकाशपाळण्याकडे बाजूने पाहा

महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याला जत्रा भरते. तिथे किंवा कुठल्याही जत्रेत आकाशपाळणा लागला असेल, तर रात्री त्याच्या अगदी बाजूला, चाक नुसत्या उभ्या रेषेसारखे दिसेल अशा जागी उभे राहा. एका पाळण्यावरच्या दिव्यावर नजर ठेवा. चाक एकसारखे फिरते आहे, पण तुम्हाला दिवा फक्त वर-खाली होताना दिसेल: मधल्या उंचीवर झपाट्याने, वर आणि खाली पोचताना रेंगाळत. झोक्याची चाल हीच. दोलनांच्या प्रकरणात जिथे तिथे भेटणारे साइन हे फिरत्या चाकाकडे बाजूने पाहिल्याचे गणित आहे.

आता बारावीतला एक नेहमीचा प्रश्न घ्या. आवर्तकाल ४ सेकंद असलेला झोका मध्यापासून निम्म्या आयामापर्यंत जायला किती वेळ घेईल? टोकापर्यंत जायला १ सेकंद लागतो, म्हणून निम्म्याला अर्धा, असे उत्तर दहातली आठ मुले देतात. चाकाकडे पाहा. मधल्या उंचीवरून निम्म्या उंचीपर्यंत चढायला चाकाला ३० अंश फिरावे लागते, कारण ३० अंशांचे साइन अर्धा. पूर्ण फेरी ३६० अंशांची, म्हणजे ३० अंश हा तिचा बारावा भाग. चार सेकंदांचा बारावा भाग एक तृतीयांश सेकंद. उरलेल्या निम्म्या अंतराला मात्र ६० अंश, म्हणजे दोन तृतीयांश सेकंद. पहिल्या निम्म्याच्या दुप्पट वेळ दुसऱ्या निम्म्याला. दिवा वर पोचताना रेंगाळतो असे आपण डोळ्यांनी पाहिले होते, तेच हे.

३. बोडीतले पान: रोजनिशी आणि फोटो

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. धानाच्या बांधीवरून वारा गेला की पिकावरून लाट धावते आणि पार पलीकडच्या धुऱ्याला पोचते. पण एकही रोप आपली जागा सोडत नाही. प्रत्येक रोप फक्त वाकते आणि सरळ होते. शेजारचे रोप जरा उशिरा तेच करते. पुढे जाते ते वाकणे. पाण्यातही असेच. शेताजवळच्या बोडीत मोहाचे पान सोडा आणि काठावर बसून पायाने पाणी एका लयीत हलवा. लाटा पानाखालून निघून जातील, पान तिथल्या तिथे वर-खाली होत राहील. बारकाईने पाहिले तर ते किंचित पुढे-मागेही होते, एक लहानसे वर्तुळ काढते. पण लाटेबरोबर काठाला लागत नाही.

म्हणजे इथे दोन हालचाली आहेत. पानाची स्वतःची, म्हणजे दोलन; आणि लाटेची, म्हणजे तरंग. पुस्तकात या दोन हालचालींचे दोन आलेख असतात आणि दोन्ही दिसायला हुबेहूब सारखे, वर-खाली वळणारी तीच रेघ. सगळा घोळ इथे होतो. मी मुलांना सांगतो, एक आलेख पानाची रोजनिशी आहे आणि दुसरा बोडीचा फोटो आहे. रोजनिशीत एकच पान असते आणि वेळ सरकत जातो. तिच्यातल्या दोन उंचवट्यांमधले अंतर म्हणजे आवर्तकाल. फोटोत वेळ थांबलेला असतो आणि सगळी बोडी दिसते. त्यातल्या दोन उंचवट्यांमधले अंतर म्हणजे तरंगलांबी, इंग्रजीत वेव्हलेंग्थ. आलेख पुढे आला की आधी त्याच्या आडव्या रेषेखाली काय लिहिले आहे ते वाचायचे. सेकंद असतील तर रोजनिशी, मीटर असतील तर फोटो. त्याआधी पेन उचलायचे नाही.

आता आकडे घालू. पान १० सेकंदांत २५ वेळा वर-खाली झाले, म्हणजे वारंवारिता सेकंदाला २.५, किंवा २.५ हर्ट्झ. दोन लाटांच्या माथ्यांमधले अंतर २५ सेंटिमीटर. पानाचे एक दोलन होते तेवढ्या वेळात लाट बरोबर एक तरंगलांबी पुढे सरकते. सेकंदाला अडीच दोलने, म्हणून लाट सेकंदाला अडीच वेळा २५, म्हणजे ६२.५ सेंटिमीटर जाते. तरंगाचा वेग म्हणजे वारंवारिता गुणिले तरंगलांबी, हे सूत्र इथून आले.

आणि पानाचा वेग? पान मध्यापासून १ सेंटिमीटर वर आणि १ सेंटिमीटर खाली जात असेल, तर त्याचा सर्वांत जास्त वेग म्हणजे पायची दुप्पट गुणिले वारंवारिता गुणिले आयाम: साधारण १६ सेंटिमीटर दर सेकंदाला. लाट ६२, पान १६. मी जोरात पाय हलवून लाट उंच केली तर पानाचा १६ चा आकडा वाढेल, लाटेचा ६२ चा जवळजवळ तसाच राहील. त्या मुलीने वहीत १६ काढले होते आणि पुस्तकात ६२ होते, हिशेब एवढाच. तिचे गणित चुकले नव्हते. तिने रोजनिशी वाचली होती आणि प्रश्न फोटोबद्दल होता.

४. जंगलातून काय ऐकू येते

वेग, वारंवारिता आणि तरंगलांबी हे त्रिकूट हाती आले की जंगलाचे आवाज वेगळे ऐकू येऊ लागतात. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. ५,००० हर्ट्झला किरकिरणाऱ्या रातकिड्याची तरंगलांबी काढा: ३४० भागिले ५,०००, म्हणजे जेमतेम ७ सेंटिमीटर. आता हत्ती घ्या. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला राज्यातला एकमेव शासकीय हत्ती कॅम्प आहे, आणि २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने आलेल्या रानहत्तींचा कळपही गडचिरोलीत वावरू लागला. हत्ती चीत्कारतो ते आपल्याला ऐकू येते. पण एकमेकांशी तो पुष्कळदा इतक्या खालच्या स्वरात बोलतो की माणसाच्या कानाला पत्ता लागत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात केटी पेन या संशोधिकेला हत्तींच्या पिंजऱ्याशेजारी हवेत एक धडधड जाणवली. कानाला आवाज नव्हता, अंगाला होता. ध्वनिमुद्रण तपासल्यावर हत्तींचा हा खालचा स्वर उघड झाला. माणूस सुमारे २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. हत्तीचे हे बोलणे पुष्कळदा २० च्या खाली असते.

१७ हर्ट्झ धरू. तरंगलांबी ३४० भागिले १७, म्हणजे २० मीटर. फूटभर जाडीच्या सागाच्या खोडाला एवढ्या मोठ्या लाटेसमोर काय महत्त्व? ती खोडाला वळसा घालून निघून जाते. ७ सेंटिमीटरची लाट मात्र खोडांवर, पानांवर आपटून विखुरते. म्हणून दाट जंगलात खालचे स्वर लांब जातात. लग्नाच्या वरातीतही दुरून आधी ढोलाचा ठोका येतो, सनई नंतर. एका भागाकारात हे सगळे बसते, आणि तरंगांच्या गृहपाठात इतका आनंद देणारा दुसरा भागाकार मला तरी माहीत नाही.

५. वीज, भूकंप आणि वडशाचे नाटक

रोवणीच्या दिवसांत शेतात असताना वीज चमकली की मनात सेकंद मोजा. प्रकाश लगेच पोचतो. गडगडाटाला एक किलोमीटर यायला जवळजवळ ३ सेकंद लागतात. ६ सेकंदांनी गडगडले तर वीज दोन किलोमीटरवर. हे गणित जिवाचे आहे. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. बांधी सोडून पक्क्या घरात जायचे, झाडाखाली थांबायचे नाही.

हेच गणित भूकंपाचेही. ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे हादरे गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत जाणवले. जमिनीतून दोन प्रकारचे तरंग निघतात. पहिल्यात जमिनीचे कण तरंगाच्याच दिशेने पुढे-मागे होतात. आवाजासारखे, दाबले जाणे आणि सैल होणे. हा अनुतरंग. दुसऱ्यात कण आडवे हलतात, ताणलेल्या दोरीला झटका दिल्यासारखे. हा अवतरंग. कवचाच्या खडकात पहिला सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावतो, दुसरा साधारण साडेतीन. केंद्रापासून १०० किलोमीटरवरच्या गावात पहिला १७ सेकंदांनी पोचतो, दुसरा २९ सेकंदांनी. आधी बारीक थरथर, मग १२ सेकंदांनी जोराचा हेलकावा. भूकंपमापक यंत्रे या मधल्या सेकंदांवरूनच केंद्र किती दूर ते काढतात. वीज आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजणारा शेतकरी तेच करत असतो.

आवाजाचा वेग नेहमी ३४० नसतो. शून्य अंशाला तो ३३१ मीटर असतो आणि प्रत्येक अंशामागे ०.६ ने वाढतो. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी ३५८, थंडीतल्या १५ अंशांच्या सकाळी ३४०. गणितात तापमान दिले असेल तर ते उगाच दिलेले नसते. धान निघाल्यावर झाडीपट्टीची नाटके सुरू होतात, वडसा त्यांचे मुख्य ठाणे. नाटकातले पद रात्री दोन-दोन गावे ओलांडून ऐकू येते, आणि दिवसा तोच भोंगा शेजारच्या गावालाही नीट ऐकू जात नाही. लोक म्हणतात, रात्री शांतता असते म्हणून. ते खरे, पण अर्धेच. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार असते. वर आवाज जास्त वेगाने जातो, म्हणून त्याची वाट खाली वळते आणि आवाज पुन्हा जमिनीकडे येतो. दिवसा तापलेल्या जमिनीवर उलट होते, आवाज आभाळाकडे वळून निघून जातो.

६. मदत मागायची कशी

मुले गणिताचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, “सोडवून द्या.” मी सोडवून देत नाही. तीन गोष्टी पाठवायला सांगतो: स्वतः काढलेले चित्र, दिलेल्या राशी एककांसह, आणि ज्या ओळीनंतर पुढे जाता येत नाही ती ओळ. निम्म्या वेळा चित्र काढतानाच अडचण सुटते. सेंटिमीटर आणि मीटर एकाच गणितात मिसळले असतील तर तेही तिथेच दिसते.

पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. आठवी-नववीची मराठी विज्ञानाची पुस्तके बारावीच्या मुलानेही जवळ ठेवावीत, ध्वनीचे मूळ तिथे स्वच्छ मराठीत आहे. मराठी विश्वकोशातल्या नोंदी आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ नावाची हलती चित्रे आहेत, त्यांत दोलक आणि दोरीवरची लाट दोन्ही हाताने चालवून पाहता येतात. ती एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. भामरागड-एटापल्लीकडच्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे, कारण तिकडे रेंज सगळीकडे सारखी मिळत नाही.

७. बांबूचे पेर

डिसेंबरात ती मुलगी पुन्हा आली, या वेळी हातात बांबूचे पेर घेऊन. एका बाजूची गाठ ठेवून दुसरी कापलेली, म्हणजे एक तोंड बंद आणि एक उघडे. आतली लांबी १७ सेंटिमीटर. उघड्या कडेवरून फुंकर मारली की घुमल्यासारखा स्वर निघत होता. “याची वारंवारिता काढली सर, पण मोबाईल वेगळंच सांगते.”

तिचा हिशेब असा होता. बंद टोकाशी हवा हलू शकत नाही, तिथे निस्पंद. उघड्या टोकाशी ती सर्वांत जास्त हलते, तिथे प्रस्पंद. लाटेच्या फोटोत मधल्या रेषेपासून माथ्यापर्यंतचे अंतर तरंगलांबीच्या चौथाई असते. म्हणून पेराची लांबी म्हणजे चौथाई तरंगलांबी, पूर्ण तरंगलांबी ६८ सेंटिमीटर. सकाळचे तापमान १५ अंश, म्हणून वेग ३४०. भागाकार केला, ५०० हर्ट्झ. मोबाईलवरचे स्वर मोजणारे ॲप मात्र ४८० च्या आसपास दाखवत होते. दुसरी गाठही कापली तर लांबी अर्धी तरंगलांबी होईल आणि स्वर दुप्पट चढेल, हेही तिने मांडून ठेवले होते. फक्त पेर वाया जाईल म्हणून कापले नव्हते.

मी तिला पेराचा आतला व्यास मोजायला सांगितला. २ सेंटिमीटर. उघड्या तोंडाशी हवेचे हलणे कडेला एकदम थांबत नाही, थोडे बाहेरपर्यंत जाते. जणू पेर दिसते त्याहून किंचित लांब आहे. किती लांब? व्यासाच्या ०.३ पट, म्हणजे ६ मिलिमीटर. पुस्तकात याला ‘एंड करेक्शन’ म्हणतात, आणि ते सूत्र तिने पाठही केले होते, कशाचे आहे ते न कळता. तिने १७ चे १७.६ केले, चौपट केली, ३४० ला ०.७०४ ने भागले. ४८३.

वहीत ते लिहून झाल्यावर तिने पेर पुन्हा ओठांशी नेले आणि जोरात फुंकले. स्वर एकदम वर उडाला. ॲपवर पाहिले, मग वहीत आकडा लिहून विचारले, “सर, हा तर जवळजवळ तिप्पट आहे. दुप्पट काहून नाही?”

मी तिला बंद पेराचा फोटो काढायला सांगितला: एका टोकाला निस्पंद, दुसऱ्याला प्रस्पंद, आणि मध्ये आणखी अर्धी लाट बसवायची. तिने तीन वेळा खोडले. चौथ्यांदा पेरात चौथाईचे तीन तुकडे बसले.